मिलानाची दुसरी सही

सरकारी कचेरीत भाषांतरकाराच्या टेबलापाशी सुखासुखी कुणी येत नाही. लोक लेखा विभागात भांडायला जातात, आस्थापना विभागात रजेसाठी लाडीगोडी लावायला जातात, कॅन्टीनमध्ये तर जातातच. आमच्याकडे यायच्या त्या फक्त फायली, त्याही शिपायाच्या काखेतून आणि वर "तुरंत" अशी लाल शाईची चिठ्ठी लावून. लखनौच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मी सत्तावीस वर्षं अनुवादक होते. माझी खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती, तिच्या पुढे फक्त मोडक्या खुर्च्यांचं कोठार. कित्येकदा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी फिरकत नसे.

अंकासाठी लेख मागताना संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या नोकरीतले गमतीदार किस्से लिहा." गमतीदार दोन-तीन आहेत, ते आधी सांगून टाकते. त्यांच्या मागे एक गोष्ट आहे, ती गमतीदार नाही. पण ती लिहायची नसती तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते.

मी मूळची अमरावतीची. हिंदीत एम. ए. केलं तेव्हा आई म्हणाली होती, "याचं काय लोणचं घालणार?" लग्न झालं, नवरा रेल्वेत इंजिनिअर, त्याची बदली लखनौला झाली आणि तिथे ते लोणचं उपयोगी पडलं. परीक्षा दिली, अनुवादक झाले. लखनौत येऊन मराठी बाईने हिंदीची नोकरी करायची म्हणजे कोल्हापुरात जाऊन परक्याने मिसळ विकण्यासारखं होतं. लोक चेष्टा करत. इथली चेष्टासुद्धा इतकी आदबशीर असते की घरी पोचल्यावर कळायचं, अरे, आपल्याला टोमणा मारला होता.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते. केंद्र सरकारच्या कार्यालयात आदेश, नियम, अहवाल असे बरेच कागद इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढावे लागतात. एका भाषेत आलेला कागद आम्ही दुसरीत करून द्यायचा. त्यानंतर असायचं "मिलान". दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवून ऐकायचं. काही खटकलं की थांबायचं. शेवटच्या पानाच्या तळाशी दोन सह्या व्हायच्या. एक "अनुवाद", दुसरी "मिलान". पहिली सही करणाऱ्याने दुसरी करायची नाही, एवढाच आमच्या धंद्याचा नियम. कारण साधं आहे. आपलंच लिहिलेलं आपण वाचतो तेव्हा पानावर जे आहे ते दिसत नाही, मनात जे होतं तेच दिसतं.

माझे मिलानाचे जोडीदार होते त्रिपाठीजी. लखनौच्या चौक भागातल्या जुन्या घरात जन्मलेले, माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, तोंडात कायम पान. मिलानाची वेळ झाली की आधी जाऊन चूळ भरून येत, चष्मा पुसत, खुर्ची ओढत आणि म्हणत, "पढ़िए." वाचताना काही खटकलं तर एकच शब्द उच्चारत, "रुकिए." त्या "रुकिए"ला मी सुरुवातीला फार घाबरायचे.

पहिल्याच वर्षी शहराच्या कडेला, चिनहटला असलेल्या आमच्या गोदामाची भानगड निघाली. कार्यालयाला तिथे भिंत घालायची होती आणि गावकरी म्हणत होते, आमची वाट तिथूनच जाते. वकिलाचं इंग्रजी पत्र आलं, त्यात शब्द होता "कस्टम". मी हिंदीत लिहिलं की ग्रामवासियों को यहाँ से निकलने की आदत है.

"रुकिए," त्रिपाठीजी म्हणाले. "आदत? मैडम, आदत तो बकरियों की होती है. गाँव का दस्तूर होता है."

त्या दिवशी मला कळलं की माणूस रोज जे करतो त्याला नाव देणं हे साधं काम नाही. इंग्रजीत त्याला डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी त्यांच्या चिठ्ठ्या करायला लागले. हॅबिट ही एकट्या माणसाची असते, तिचा दोषही त्याच्या एकट्याचा. कस्टम गावाची, समाजाची. तिला कुणी सुरू केली ते आठवत नाही. प्रॅक्टिस म्हणजे कुणीतरी वरच्याने मान हलवलेली असते, निदान पाहून न पाहिल्यासारखं केलेलं असतं. रूटीन घड्याळाचं, अॅडिक्शन शरीराचं. एक जुने साहेब होते, त्यांना सवयीसाठीच्या "वोंट" या जुनाट शब्दाचं वेड होतं. सगळीकडे तो घालत आणि आपण फार ऐटबाज इंग्रजी लिहितो असं समजत. हळूहळू चिठ्ठ्यांच्या मागे मी मराठी शब्दही टिपू लागले. सवय, खोड, रीत, वहिवाट, शिरस्ता, परिपाठ, नाद. ते कुणी मागितले नव्हते. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मी आपली चिठ्ठ्यांशी बोलत होते.

कधीमधी गिऱ्हाईकही येई. लेखा विभागातले एक बाबू एकदा वैद्यकीय फॉर्म घेऊन आले. डॉक्टरने इंग्रजीत तंबाखूचं "अॅडिक्शन" लिहिलं होतं आणि मी हिंदीत "लत" केलं होतं. बाबू दाराशी उभे राहून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मैडम, एक गुज़ारिश है. इसे 'शौक़' कर दीजिए. लत तो बदनामी की चीज़ है. हमारे वालिद को भी शौक़ था, दादा को भी." मी म्हटलं, डॉक्टर बदलतील तर मी बदलीन. ते खिन्नपणे निघून गेले. आठवड्याने डॉक्टरची नवी चिठ्ठी घेऊन आले, त्यात "हॅबिट" होतं. म्हणाले, "बीच का रास्ता निकाला है." त्रिपाठीजी हे कितीतरी दिवस घोळवून सांगत होते.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या अभिलेख कक्षात रामनरेश नावाचा कर्मचारी होता. आठवीपर्यंत शिकलेला, पण वीस वर्षांपूर्वीची फाइल मागितली तरी सरळ जाऊन त्याच कपाटासमोर उभा राहणारा. तो कार्यालयामागच्या क्वार्टरमध्ये राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. घरात फक्त धाकटा भाऊ, त्याला सगळे "छोटे" म्हणत. छोटे तिशीचा होता, पण बुद्धी तीन वर्षांच्या मुलाची. रामनरेश समोर बसल्याशिवाय तो दुपारचं जेवत नसे. शेजारणीने भरवून पाहिलं, ताट ठेवून पाहिलं, काही उपयोग नाही. ताटापुढे बसून संध्याकाळपर्यंत रडायचा.

तेव्हाचे आमचे अधिकारी माथुर साहेब. त्यांनी एकदा हे डोळ्यांनी पाहिलं आणि रामनरेशला सांगितलं, "दो बजे चले जाया करो, पौने तीन तक लौट आना." कागद नाही, आदेश नाही. नऊ वर्षं रामनरेश दोनला जायचा, पावणेतीनला परत यायचा. सबंध कार्यालयाला ठाऊक होतं. त्या पाऊण तासात कुणी अभिलेख कक्षाकडे जातच नसे. माथुर साहेबांच्या घरीही रामनरेशचं येणं-जाणं होतं. होळीला छोटेला घेऊन जायचा आणि साहेबांच्या पत्नी, बहूजी, छोटेसाठी वेगळ्या गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, काढून ठेवायच्या.

माथुर साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले, ते एके दिवशी दोन वाजून वीस मिनिटांनी स्वतः फाइल बघायला अभिलेख कक्षात गेले. कुलूप. दुसऱ्या दिवशी कुलूप. आरोपपत्र निघालं, त्यात "आदतन" कामाची जागा सोडून जातो असं लिहिलेलं. चौकशी बसली. चौकशी करणारे अधिकारी सज्जन होते. त्यांनी माथुर साहेबांकडून लेखी म्हणणं मागवलं आणि चौदा पानांचा हिंदी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. "पूर्व अधिकारी ने पुष्टि की है कि दोपहर में उठने का यह चलन उनके समय से है और उनकी जानकारी में रहा है." रामनरेशची सगळी भिस्त या एका वाक्यावर होती.

शिक्षा ठरवणारे अधिकारी मुख्यालयात होते, दक्षिणेतले. त्यांना हिंदी जेमतेम यायची. तेव्हा अहवाल इंग्रजीत करायला माझ्याकडे आला.

आणि त्याच सुमारास माझं त्रिपाठीजींशी भांडण चालू होतं. कारण सांगायची आज लाज वाटते. हिंदी पखवाड्यात, म्हणजे दरवर्षीच्या हिंदी पंधरवड्यात, अनुवादाच्या स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात त्रिपाठीजी बोलायला उठले आणि म्हणाले, "मैडम की हिंदी बहुत अच्छी है, बस उसमें ज़रा मराठी हींग पड़ी रहती है." सभागृह खो खो हसलं. मी हसले नाही. मी माझ्या रागाला फार जपणारी बाई होते. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चष्मा पुसत आले तेव्हा मी म्हटलं, "रहने दीजिए, मैं ख़ुद देख लूँगी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निघून गेले.

असे अठरा दिवस गेले. अठरा दिवस मी भाषांतर केलं आणि "मिलान"च्या जागीही स्वतःच सही ठोकली. कुणी पाहिलंसुद्धा नाही. सरकारी कागदावर सही आहे की नाही ते बघतात, कुणाची आहे ते कोण बघतो?

रामनरेशचा अहवाल त्या अठरा दिवसांतला. आरोपपत्रातल्या त्या "आदतन"मुळे पहिल्या दहा पानांत मी हॅबिट, हॅबिच्युअल असे शब्द इतक्यांदा लिहिले होते की हात सरावला होता. बाराव्या पानावर ते वाक्य आलं. "चलन" म्हणजे चालत आलेला प्रघात, त्याच्या जागी प्रॅक्टिस हवं होतं. माझ्याच चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं. मी हॅबिट लिहिलं आणि पुढे गेले. समोर त्रिपाठीजी असते तर "रुकिए" म्हणाले असते. समोर रिकामी खुर्ची होती.

अठराव्या दिवशी त्रिपाठीजींनी माझ्या टेबलावर एक रिकामी डबी आणून ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हमारे घर में हींग ख़त्म हो गई है, मैडम. सोचा, आपसे माँग लूँ." मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी मी डबी भरून नेली आणि आमचं मिलान पुन्हा सुरू झालं. अठरा दिवसांतले कागद तपासून घ्यावेत असं मनात आलं होतं. पण ते निघून गेले होते, आणि तपासायला दिले असते तर दुहेरी सह्या उघड झाल्या असत्या.

दोन महिन्यांनी मुख्यालयाचा आदेश आला, इंग्रजीत. तो हिंदीत करायचं काम माझ्याकडेच आलं. मी वाचायला लागले. कर्मचारी बेजबाबदार आहे वगैरे नेहमीचं. मग मधोमध: याच्या आधीच्या अधिकाऱ्यानेसुद्धा या हॅबिटची पुष्टी केली आहे, म्हणजे दोष जुना आणि मुरलेला आहे, सबब दूरच्या कार्यालयात बदली.

माझाच शब्द माझ्याकडे परत आला होता. जुनी प्रत काढली, बाराव्या पानावर पाहिलं, शेवटच्या पानाखाली माझ्या दोन सह्या. माथुर साहेबांनी दिलेली साक्ष मी उलटी करून ठेवली होती.

अशा वेळी शुद्धिपत्र पाठवता येतं. मी लिहिलंही, चार ओळींचं. पण शुद्धिपत्र म्हटलं की पहिला प्रश्न, मिलान कुणी केलं होतं? खोटी सही म्हटली की चौकशी माझी. वरिष्ठ अनुवादकाच्या जागेसाठी माझं नाव तेव्हा यादीत होतं. मी तो कागद दिवसभर पुस्तकाखाली ठेवला. संध्याकाळी फाडला आणि तुकडे पर्समधून घरी नेले, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत कुणाला दिसू नयेत. एवढी अक्कल मात्र होती.

मग मी तो आदेश हिंदीत केला. "पूर्व अधिकारी ने भी इस आदत की पुष्टि की है." मूळ मजकुरात हॅबिट होतं, मी आदत लिहिलं. कुणालाही चूक काढता आली नसती.

मिलानाला त्रिपाठीजी इंग्रजी वाचत होते, माझं बोट हिंदीवर. त्या वाक्याशी ते थांबले.

"रुकिए. माथुर साहब ने ऐसा कहा?"

"मूल में यही है, त्रिपाठीजी."

ते उठले. कपाटातून मूळ अहवालासकट भाषांतराची जुनी प्रत काढली, उभ्यानेच बारावं पान पाहिलं, मग शेवटचं पान पाहिलं. प्रत जागच्या जागी ठेवून परत येऊन बसले.

"शुद्धिपत्र भेजेंगी?"

"देखते हैं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा नीट केला, उरलेलं वाचलं आणि सही केली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चार वर्षं ते रोज माझ्यासमोर बसले. "पढ़िए" म्हणायचे, "रुकिए" म्हणायचे, बाकी एक शब्द नाही. पानाचा किस्सा नाही, हिंगाची डबी नाही. एखाद्या माणसाशी रोज तासभर बोलूनही किती एकटं पडता येतं ते मी त्या चार वर्षांत शिकले. ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. मी अंत्यदर्शनाला गेले होते, घरातल्या कुणी मला ओळखलं नाही.

रामनरेश बदलीच्या जागी गेलाच नाही. छोटेला घेऊन परमुलखात कुठे जाणार? नोकरी सोडली, क्वार्टर सोडलं आणि गावी निघून गेला. त्याला निरोप द्यायला समारंभ झाला नाही. तो शेवटचं कुलूप लावून किल्ल्या द्यायला आला तेव्हा मी खोलीत होते, दार लोटलेलं होतं. त्याची पावलं ऐकली. उठले नाही.

मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर वर्षभरात माझे यजमान गेले. मुलगा हैदराबादला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. "हाँ आई, सब ठीक. आपने खाना खाया?" चूक त्याची नाही, शाळा इथली, मित्र इथले. पण फोन ठेवला की त्या आठवड्याचं माझं मराठी संपलेलं असतं. चिनहटकडच्या या फ्लॅटमध्ये कधी कधी मी भाजी चिरताना मोठ्याने बोलते, फक्त आवाज व्हावा म्हणून. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला ती झालेली नाही. आणि रिकाम्या वेळात माणसाला जे आठवू नये तेच आठवत राहतं. ऑफिसातल्या नव्या मुली सांगतात की भाषांतर आता मशीन करतं, आम्ही फक्त नजर टाकतो. ऐकलं की मी विचारते, मिलान कोण करतं? आणि त्या मुली समजतात, बाईंना नव्या गोष्टींचा राग आहे.

गेल्या हिवाळ्यात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. तिथे एक जुना सहकारी भेटला. बोलता बोलता म्हणाला, रामनरेश शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पलीकडे आहे, पेरूची बाग सांभाळतो. मी त्याच्याकडून रस्ता लिहून घेतला. तरी जायला दोन महिने लावले.

पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. बागेच्या कडेला विटांची खोली, बाहेर बाजेवर छोटे बसलेला. त्याचे केस पांढरे झाले होते. रामनरेश समोर उकिडवा बसून त्याला डाळ-भात भरवत होता. मला पाहून ओळखायला त्याला क्षणभर लागला.

"अरे, मैडम! बैठिए, बैठिए. बस दो मिनट, यह खा ले."

मी बसले. छोटेने सगळा भात संपवला, पाणी प्यायला आणि माझ्याकडे बघून हसला. रामनरेशने हात धुतले, माझ्यासाठी पेरू कापून आणले, मीठ लावून. ते समोर ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. भांडण, अठरा दिवस, दोन सह्या, चलन आणि हॅबिट, फाडलेलं शुद्धिपत्र. काही वगळलं नाही.

माझी कल्पना होती की तो रागावेल. घरून निघताना मी त्याचीच तयारी केली होती. नाहीतर म्हणेल, जाने दीजिए मैडम, पुरानी बात है. मनाच्या तळाशी मी तेच ऐकायला आले होते.

तो म्हणाला, "तो साहब मुकरे नहीं थे?"

साहेबांनी शब्द फिरवला, हे कुठून आलं मला कळेना.

"रिपोर्ट की कॉपी हमें मिली थी, मैडम. उसमें चलन लिखा था, हमने दस बार पढ़ा था. फिर ऑर्डर आया तो उसमें आदत हो गया. हमने समझा, ऊपर वालों ने साहब से दोबारा पूछा होगा और साहब डर गए. बदल गए."

आठवी शिकलेल्या माणसाने तो फरक हेरला होता. मुख्यालयात कुणाला दिसला नाही, आणि मला दिसूनही मी पाहिला नव्हता. पण शब्द बदलणारी कुणी तिसरीच, व्हरांड्याच्या टोकाला बसलेली बाई असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"साहब दो बार यहाँ आए थे," तो पुढे म्हणाला. "हम खेत में चले गए, मिले नहीं. बिटिया की शादी का कार्ड भेजा, हमने लौटा दिया. चार साल पहले ख़बर आई कि गुज़र गए. हम मिट्टी में भी नहीं गए."

त्याची नोकरी मी घालवली हे मला ठाऊक होतं. ते ओझं वाहायची मी कशीबशी सवय केली होती. हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "रामनरेश, मुझे कुछ तो कहिए."

"आपको क्या कहें, मैडम," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. मला काही सांगण्यासारखं त्याच्याकडे खरोखरच नव्हतं. मग तो म्हणाला, "बहूजी अभी हैं. छावनी के पास वही मकान. आप चलकर उनसे कह देंगी? हमसे नहीं कहा जाएगा."

दुसऱ्या दिवशी छोटेला जेवू घालून तो टेंपोने आला. आम्ही तिथे पोचलो तेव्हा चार वाजले होते. तो फाटकाशीच थांबला, आत यायला तयार होईना. मी एकटी पायऱ्या चढले.

बहूजी खूप थकल्या होत्या, पण ताठ बसल्या होत्या. मी माझं नाव सांगितलं, मग पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. सगळं ऐकून झाल्यावर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आख़िरी दिनों तक पूछते थे, 'रामनरेश के साथ मुझसे ऐसी क्या ग़लती हो गई?' मैं क्या जवाब देती?"

मग त्यांनी विचारलं, "वह है कहाँ?"

"फाटक पर खड़े हैं."

"बाहर क्यों खड़ा है? बुलाइए."

मी दारातून हाक मारली. रामनरेश आला, चपला पायरीवर काढल्या, खुर्ची असून जमिनीवर बसला. बहूजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छोटे ने खाना खाया?"

"खिलाकर आए हैं, बहूजी," तो म्हणाला, आणि त्यांच्या पायांशी डोकं टेकवून लहान मुलासारखा रडायला लागला. त्याही रडायला लागल्या. मग दोघं मिळून साहेबांबद्दल बोलायला लागले, एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करत होता.

मी उठले. बसा असं कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. बाहेर येऊन चपला घातल्या आणि फाटक हळूच ओढून घेतलं.